‘हिज’ की ‘देअर’? गाईड आणि रिव्ह्यूअर यांच्यामध्ये अडकलेल्या एका वाक्याबद्दल

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे मागून वाचणाऱ्यांनाही कळेल. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजुरांवर पीएचडी चालू आहे. प्रबंधात एक वाक्य होतं : ‘ईच रिस्पॉन्डन्ट वॉज आस्क्ड अबाउट देअर अ‍ॅडव्हान्स.’ गाईडनी ‘देअर’भोवती लाल गोल काढला आणि वर ‘हिज’ लिहिलं. ‘ईच’ एकवचनी आहे, मग ‘देअर’ कुठून आलं, असा शेरा. पुढे त्याच प्रकरणाचा लेख करून बाहेरच्या जर्नलला पाठवला, तर रिव्ह्यूअरनं ‘हिज’ला हरकत घेतली आणि ‘देअर’ करा म्हणून कळवलं. तुम्ही विचारलंय की दोघांत बरोबर कोण, आणि प्रबंधात शेवटी ठेवायचं काय.

(तुमच्या प्रश्नात ‘मी लिहिलं’, ‘मी पाठवलं’, ‘मी बदललं’ अशीच क्रियापदं आहेत, त्यामुळे तुम्ही बाई की पुरुष हे कळायला मार्ग नाही. मी मात्र ‘मांडते’ म्हटलं आणि पहिल्याच ओळीत उघडी पडले. मराठीची ही सोय आणि गैरसोय दोन्ही पुढे कामाला येईल.)

मी अंबाजोगाईच्या बाजूला बरीच वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं आणि आता मुख्यतः प्रबंध, संस्थांचे अहवाल असं इंग्रजी तपासून देते. तुमच्यासारखी अडचण घेऊन दर हंगामात कुणी ना कुणी येतंच. निव्वळ व्याकरण बघायचं तर रिव्ह्यूअरचं बरोबर आहे. पण तुमच्या त्या एका वाक्यात ‘हिज’ही पुरेसं नाही आणि ‘देअर’ही नाही, असं माझं मत आहे. आधी व्याकरणाचं उरकून घेऊ.

एका माणसासाठी ‘दे’ हे काल-परवाचं फॅड नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी शब्दकोशानं त्याचा लेखी वापर १३७५ पर्यंत मागे नेलाय. ‘हिज’च लिहा हा दंडक त्यानंतर खूप उशिरा, अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांनी घालून दिला. १८५० मध्ये ब्रिटिश संसदेनं कायद्याच्या भाषेपुरता त्यावर शिक्का मारला : पुल्लिंगी शब्द आला की त्यात स्त्रिया धरायच्या. आपल्याकडे हेच १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ८ म्हणून आलं आणि १८९७ च्या जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टमध्ये कलम १३ म्हणून. दंड संहितेच्या जागी आलेल्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेनंही ‘ही’ कायम ठेवलंय, फक्त त्यात पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर अशा तिघांनाही धरलंय. तेव्हा तुमच्या गाईडची सवय हवेतून आलेली नाही, तिच्यामागे दीडशे वर्षांची सरकारी इंग्रजी उभी आहे. फरक इतकाच की कायद्यात ‘ही’ म्हणजे कोण कोण ते लिहून ठेवलेलं असतं. प्रबंधात असं कलम नसतं. तिथे ‘हिज’ वाचलं की वाचणाऱ्याला पुरुषच दिसतो.

सामाजिक शास्त्रांत बरीच जर्नलं एपीएची, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची, लेखनशैली मागतात. तिची सातवी आवृत्ती ऑक्टोबर २०१९ ची. लिंग माहीत नसेल किंवा विषयाशी त्याचा संबंध नसेल, तर एका व्यक्तीसाठीही ‘दे’ वापरा असं तिनं स्पष्ट म्हटलंय. त्याच वर्षी मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशानं ‘दे’ हाच वर्षाचा शब्द ठरवला होता. रिव्ह्यूअर मनानं काही बोलत नाही, तो नियमावली दाखवतोय.

गाईडना हे पटवायचं असेल तर शब्दकोश घेऊन जाऊ नका, क्वेश्चन टॅग घेऊन जा. दहावी-बारावीला आपण सगळ्यांनी ते घोकलेत. ‘एव्हरीबडी हॅज कम’ याचा टॅग काय? ‘हॅवन्ट दे?’ ‘नोबडी कॉल्ड’ याचा? ‘डिड दे?’ इथे ‘हॅजन्ट ही’ किंवा ‘डिड ही’ लिहिलं तर मार्क जातो. म्हणजे जी पुस्तकं एका पानावर ‘एव्हरीबडी मस्ट डू हिज ड्यूटी’ शिकवतात, तीच पुस्तकं दहा पानांनंतर त्याच ‘एव्हरीबडी’ला ‘दे’ लावायला सांगतात, आणि त्यात कुणालाच काही खटकत नाही. मी शिकवताना दोन्ही पानं शेजारी ठेवायची. वर्गात एकदम शांतता व्हायची, मग मागच्या बाकावरून प्रश्न यायचा, ‘मॅडम, मग पेपरात काय लिहायचं?’ त्याला माझं उत्तर तेव्हाही हेच होतं : पेपरात पुस्तक म्हणेल ते, बाहेर आजची रीत. स्पर्धा परीक्षेच्या पर्यायांत ‘हिज’ आणि ‘देअर’ दोन्ही असले, तर परीक्षा घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कुठलं पुस्तक आहे त्याचा अंदाज घ्या. तिथे तत्त्वासाठी मार्क घालवू नका.

दुसरा आक्षेप असतो तो क्रियापदाचा. माणूस एक आणि क्रियापद ‘आर’, हे कानाला कसं चालेल? न चालायला काय झालं? ‘यू’ मुळात अनेकवचनी. एका माणसासाठीचं जुनं ‘दाऊ’ मागे पडलं आणि एकालाही ‘यू’ लागू झालं, तरी क्रियापद ‘आर’च राहिलं. ‘यू इज’ कुणी म्हणत नाही. आपण तर जन्मापासून एकाच माणसाला अनेकवचनात बोलावतो. ‘सर आलेत’, ‘मॅडम वर्गावर गेल्यात’, ‘अण्णा झोपलेत’. अण्णा किती, असं कुणी विचारत नाही. तेव्हा ‘इफ अ वर्कर फॉल्स इल, दे आर फाइन्ड’ हे बिनधास्त लिहा. ‘दे इज’ मात्र कधीच नाही. नाम स्वतः आलं की क्रियापद एकवचनी : ‘द वर्कर इज’. सर्वनाम आलं की ‘दे आर’. एकाच वाक्यात दोन्ही येतील, येऊ द्या.

इथेच मराठवाड्यातल्या मुलामुलींचा पाय घसरतो तो वेगळ्या कारणानं. आपलं अनेकवचन आदराचं आहे आणि इंग्रजीतलं हे ‘दे’ आदराचं नाही. ते ‘कोण आहे माहीत नाही’ किंवा ‘कोणीही असो’ याचं आहे. तुमच्या मुलाखतींत हे पदोपदी येणार. बाई सांगते, ‘आमचे मालक म्हणले, यंदा कर्नाटकात जायचं.’ मालक म्हणजे तिचा नवरा आणि ‘म्हणले’ हा मान. टाइप करणारं पोरगं त्याचं ‘दे सेड’ करून टाकतं, आणि परगावचा वाचक समजतो की कारखान्याच्या मालकांनी मिळून काही ठरवलं. तिथे सरळ ‘माय हजबंड सेड’ आणि पुढे ‘ही’. कलेक्टर मॅडम असतील तर ‘शी’. इंग्रजीत ‘शी’ लिहिल्यानं त्यांचा मान कमी होत नाही. अवतरणांचं भाषांतर वेगळ्या फाइलमध्ये असेल तर तेवढी फाइल फक्त या एका गोष्टीसाठी वाचून काढा, वाया जाणार नाही.

उलट दिशेची गफलत अशी की मराठीत ‘आपला’, ‘आपापला’ म्हणून मालकी दाखवताना माणसाचं लिंग सांगावंच लागत नाही. ‘प्रत्येकानं आपापली उचल (म्हणजे तुमचा तो ‘अ‍ॅडव्हान्स’) सांगितली.’ ‘आपापली’ हे उचलीकडे बघतं, माणसाकडे नाही. इंग्रजीत ‘हिज’ आणि ‘हर’ उचलीकडे ढुंकूनही बघत नाहीत, ती कुणाची एवढंच विचारतात. त्यामुळे मनात मराठी वाक्य तयार होतं तेव्हा लिंगाचा प्रश्न आलेलाच नसतो. तो इंग्रजी लिहिताना अचानक समोर येतो, आणि आपण सवयीनं ‘हिज’ टाकून मोकळे होतो. (‘प्रत्येकानं’ हेही पुल्लिंगीच आहे, ‘प्रत्येकीनं’ नाही, हे कबूल. मराठी काही धुतल्या तांदळासारखी नाही.)

आता तुमचं वाक्य. ऊसतोडीत मोजणी माणसांची होत नाही, कोयत्यांची होते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस टोळीत गेला तर तो अर्धा कोयता. मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबानं, मजुरी टनावर आणि तीही कोयत्याच्या खात्यात, खाडा झाला की कापतो तेही कोयत्याचं. नोटा मात्र बहुतेक वेळा पुरुषाच्या हातात पडतात. असं असताना ‘ईच रिस्पॉन्डन्ट’ म्हणजे कोण? जोडीतला एक जण, की पूर्ण कोयता?

समजा उत्तर देणारी बाई आहे. तिला जोडीच्या उचलीबद्दल विचारलं. तिथे ‘हर अ‍ॅडव्हान्स’ खोटं, कारण उचल तिची एकटीची नाही. ‘हिज’ तर सरळच चूक. ‘देअर’ दिसायला बरोबर, पण वाचणाऱ्याला ते एकवचनी ‘देअर’ वाटेल, म्हणजे ‘त्या व्यक्तीची, लिंग काहीही असो’. तुम्हाला मात्र खरंखुरं अनेकवचन म्हणायचंय, ‘त्या दोघांची’. समजा उत्तर देणारा पुरुष आहे आणि मुकादमाच्या वहीत नाव त्याचंच आहे. तिथे गाईडचं ‘हिज’ वहीपुरतं खरं आहे. पण उचल फिटेपर्यंत कोयता दोघांनी चालवायचा, त्यामुळे ‘हिज’ लिहिलं की बाईचं काम वाक्यातून गायब होतं. आणि तिसरा, अर्धा कोयता म्हणून गेलेला अविवाहित तरुण. त्याच्यासाठी ‘हिज’ तंतोतंत बरोबर. एकच सर्वनाम, तीन वेगळी वास्तवं, आणि तुमचा प्रबंध नेमका याच फरकाबद्दल आहे.

म्हणून माझा सल्ला, इथे सर्वनाम काढून टाका आणि नाम लिहा. ‘रिस्पॉन्डन्ट्स वेअर आस्क्ड हाउ मच अ‍ॅडव्हान्स द कपल हॅड टेकन अँड हू हॅड रिसीव्ह्ड द मनी.’ गाईडना लाल गोल काढायला जागा नाही, रिव्ह्यूअरला हरकत घ्यायला जागा नाही, आणि तुम्ही जे विचारलं होतं तेच वाक्यात आलं. अर्ध्या कोयत्यांचं वेगळं वाक्य करा, ते वेगळेच आहेत. आणि ‘कोयता’ हा शब्द पहिल्याच प्रकरणात व्याख्या देऊन तसाच वापरा. एकक म्हणून आला की ‘ईच कोयता अँड इट्स अ‍ॅडव्हान्स’, माणसं म्हणून आली की ‘द कपल’ आणि ‘दे’. व्याख्या दिलेली असली की ‘इट्स’ कुणाला खुपत नाही. माणसासाठी मात्र ‘इट’ चुकूनही नको. आपल्याकडे ‘ते’ हे लेकरालाही चालतं आणि आदरणीय माणसालाही, त्यामुळे ‘रिस्पॉन्डन्ट... इट’ असं लिहिलेलं मी खरोखर वाचलंय.

लिंग माहीत आहे आणि मुद्द्याचं आहे, तिथे ते लपवू नका, हा याचाच दुसरा भाग. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांवर २०१९ मध्ये गदारोळ झाला, राज्य सरकारनं समिती नेमली. तुमच्या प्रबंधात तो भाग असेल तर तिथे ‘अ वर्कर... देअर सर्जरी’ लिहिणं म्हणजे शिष्टाचारासाठी माहिती पुसून टाकणं. तिथे ‘विमेन’ आणि ‘हर’. तसंच गावच्या कारभाराबद्दल लिहिताना ‘द सरपंच अँड हिज मेंबर्स’ ही सवय आता निव्वळ चुकीची माहिती ठरते, कारण २०११ पासून महाराष्ट्रात पंचायत राज संस्थांमध्ये बायकांना ५० टक्के आरक्षण आहे. एका ठरावीक गावाबद्दल लिहीत असाल तर तिथे सरपंच कोण आहे ते बघा आणि ‘ही’ किंवा ‘शी’ लिहा. सगळ्या सरपंचांबद्दल लिहीत असाल तर ‘दे’ किंवा सरळ अनेकवचन.

काही ठिकाणी लिंग माहीत असूनही ‘दे’ लिहावं लागतं, आणि तुमच्या कामात हे येऊ शकतं. बाई मुकादम विरळा. तालुक्याचं नाव दिलं आणि पुढे ‘शी’ लिहिलं, तर त्या भागातला कुणीही बोट ठेवून सांगेल की ही कोण. तुम्ही गोपनीयतेचं संमतीपत्र भरून घेतलं असेल, तर तिथे ‘द काँट्रॅक्टर... दे’ हेच योग्य. मात्र मग सगळ्याच मुकादमांना ‘दे’ लावा. एकटीलाच लावलं तर तेच बोट दाखवणं झालं.

ट्रान्सजेंडर व्यक्ती तुमच्या उत्तर देणाऱ्यांत असतील तर आपण ठरवायचं नाही, विचारायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालानं स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केलाय. पण म्हणून प्रत्येकाला ‘दे’च हवं असं नाही. स्वतःबद्दल ‘मी आले, मी गेले’ म्हणणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीत ‘शी’च बरं वाटण्याची शक्यता जास्त. मुलाखत मराठीत झाली असेल तर क्रियापदावरून अंदाज येतो, तरी विचारून घ्या.

‘हिज ऑर हर’ चुकीचं नाही. एकदा आलं तर चालतं. ‘ही ऑर शी शुड साइन हिज ऑर हर फॉर्म हिमसेल्फ ऑर हरसेल्फ’ इथपर्यंत गेलं की वाक्य लंगडायला लागतं. ‘ही/शी’मधली तिरकी रेघ फॉर्मवर ठेवा, प्रबंधाच्या मजकुरात नको. एका प्रकरणात सगळीकडे ‘ही’ आणि पुढच्यात सगळीकडे ‘शी’ अशी वाटणी काही जण करतात. वाचणाऱ्याला वाटतं माणूसच बदलला. ‘देमसेल्फ’ की ‘देमसेल्व्ह्ज’ हा वादही सोडून द्या. एकवचनी वापरात दोन्ही दिसतात, पण प्रबंधात ते वाक्यच फिरवलेलं बरं.

‘दे’चा खरा तोटा एकच, संख्या धूसर होते. ‘ईच वर्कर टोल्ड द मुकादम दॅट दे वुड लीव्ह अर्ली.’ कोण जाणार? मजूर, मजूर आणि मुकादम, की सगळी टोळी? पण गंमत अशी की ‘ही’ लिहिलं तरी मजूर की मुकादम हे कळत नाहीच. म्हणून दोष ‘दे’वर ढकलण्याआधी मी कागदावर काढलेल्या प्रतीत प्रत्येक सर्वनामापासून त्याच्या नामापर्यंत पेन्सिलीनं बाण ओढते. बाण दोन ठिकाणी जाऊ शकत असेल तर सर्वनाम खोडून नाम लिहायचं. कॉम्प्युटरवर करायचं असेल तर वर्डमध्ये ‘ही’, ‘हिज’, ‘हिम’, ‘हिमसेल्फ’ पूर्ण शब्द म्हणून शोधा आणि प्रत्येक ठिकाणी थांबून विचारा, हा माणूस कोण. ‘रिप्लेस ऑल’ला हात लावू नका. मुकादमाच्या मुलाखतीतलं ‘हिज वाइफ’ही त्यात ‘देअर वाइफ’ होऊन बसेल.

राहिला गाईडचा प्रश्न. विद्यापीठाच्या किंवा विभागाच्या नियमांत एखादी शैली ठरवून दिलेली असेल तर ती पाळा, तिथे माझं मत लागू नाही. नसेल तर गाईडचा शब्द चालतो. व्हायव्हाच्या दिवशी ते तुमच्या बाजूनं बसणार आहेत, सर्वनामावरून त्यांना दुखवण्यात हशील नाही. प्रबंधात शक्य तिथे अनेकवचन करा : ‘रिस्पॉन्डन्ट्स... देअर’. त्याला जुनी शाळाही हरकत घेत नाही. तरी उरतात अशी ठिकाणं थोडीच असतात, ती घेऊन समोर बसा आणि क्वेश्चन टॅगचं ते उदाहरण काढा. एवढ्यावर गाईड ऐकतात असा माझा अनुभव आहे. नाही ऐकलं तर तेवढ्या ठिकाणी ‘हिज ऑर हर’.

जर्नलला उत्तर देताना नुसतं ‘करेक्टेड’ लिहून मोकळे होऊ नका. रिव्ह्यूअरला कळवा की लिंग माहीत नाही तिथे ‘दे’ केलंय, उचलीबद्दलची वाक्यं ‘कपल’ धरून नव्यानं लिहिली आहेत, आणि मुकादमाच्या वहीत नाव पुरुषाचं असल्याची नोंद जिथे आहे तिथे ‘हिज’ जाणीवपूर्वक ठेवलंय. पान आणि ओळ द्या. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आणि तक्त्यांखालच्या टिपा तपासायला विसरू नका, जुनं ‘हिज’ हमखास तिथेच राहून जातं.